सपाट गोळीचं कौतुक जरा जास्तच होतंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मोठ्या शिकारीसाठी मॅग्नम (जास्त दारूचं, जास्त वेगाचं) काडतूस कसं निवडावं यावरचा लेख वाचला. मराठीत या विषयाला कोणी हात लावत नाही त्यामुळे बरं वाटलं, पण सगळ्या लेखाचा सूर एकच, की जी गोळी सगळ्यात सपाट जाते ती घ्या आणि निवांत व्हा. हे काही मला पटलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर लावा पण आकडे तेवढे राहू द्या.

आधी सपाट म्हणजे काय ते बघू. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून प्रत्येक गोळी खाली पडायला लागते, मॅग्नमची असो की साधी, गुरुत्वाकर्षण दोघींना सारखंच. फरक इतकाच की वेगवान गोळी तिथे लवकर पोचते म्हणून तिला पडायला वेळ कमी मिळतो. आता .३०-०६ घ्या, १९०६ सालचं काडतूस, १८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण २७०० फुटांनी निघते. आणि १९६३ चं .३०० विनचेस्टर मॅग्नम, तीच १८० ग्रेनची गोळी, वेग २९६० च्या आसपास. दोन्ही रायफली २०० यार्डांवर झिरो केल्या, म्हणजे तिथे नेम बरोबर बसेल असा स्कोप (नेमाची दुर्बीण) जुळवला, तर ४०० यार्डांवर पहिली साधारण २४ इंच खाली लागते आणि दुसरी १९-२० इंच. म्हणजे फरक चार-पाच इंचांचा. हा फरक मिळवायला दारू किती जास्त जळते बघा, .३०-०६ मध्ये ५५ ग्रेनच्या आसपास आणि मॅग्नममध्ये ७० च्या पुढेमागे. दारू सव्वापट, वेग जेमतेम एक दशांश जास्त. आणि पुढे जाल तसा हा व्यवहार अजूनच महाग होत जातो, .३०० रेमिंग्टन अल्ट्रा मॅग्नमला नव्वद ग्रेनच्या वर दारू लागते.

नेम वर न धरता सरळ छातीवर धरून किती लांब मारता येतं हा खरा शिकाऱ्याचा हिशोब. हरणाच्या फुफ्फुसांची जागा आठ इंचांची धरली, म्हणजे गोळी चार इंच वर किंवा चार इंच खाली चालेल, तर .३०-०६ ने साधारण ३०० यार्डांपर्यंत काही विचार करावा लागत नाही आणि .३०० विनमॅगने (म्हणजे विनचेस्टर मॅग्नमने) ३२५-३३० पर्यंत. पंचवीस-तीस यार्ड! एवढ्यासाठी लेखात इतका ढोल वाजवलाय.

अर्थात सपाटपणाला एके काळी किंमत होती, नाही असं नाही. .३०० हॉलंड अँड हॉलंड १९२५ मध्ये आलं, रॉय वेदरबीने १९४० च्या दशकात .२५७, .२७०, .३०० अशी एकापेक्षा एक वेगवान काडतुसं काढली, तेव्हा अंतर डोळ्यांनीच मापायचं. दरीपलीकडचा एल्क (अमेरिकेतलं मोठं हरीण) ३०० वर आहे का ४०० वर हे भल्याभल्यांना सांगता यायचं नाही, त्यामुळे जितकी सपाट गोळी तितकी चूक पोटात घातली जायची. पण नव्वदच्या दशकात शिकाऱ्यांच्या हातात लेझर रेंजफाइंडर आले आणि हे गणितच बदललं. बटण दाबलं की ३८७ यार्ड असा आकडा समोर, स्कोपवर तेवढे क्लिक फिरवा, गोळी किती पडणार ते आधीच माहीत. पडणं मोजता येतं हो. आणि रेंजफाइंडर नसेल तर मॅग्नम असूनही उपयोग नाही, कारण .३०० विनमॅगसुद्धा ४०० पासून ४५० पर्यंत जाईस्तोवर आणखी साधारण ९ इंच पडते, .३०-०६ ११ इंच. पन्नास यार्डांचा अंदाज चुकला की दोन्हींनी जनावर जखमीच होणार.

मोजता येत नाही तो वारा, आणि लेखात वाऱ्यावर अख्ख्या दोन ओळी. ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर ४०० यार्डांवर .३०० विनमॅगची १८० ग्रेन गोळी साधारण ११ इंच सरकते आणि .३०-०६ ची १२-१३ इंच. इथे मॅग्नमने काय दिवा लावला? वाऱ्याला तोंड देते ती लांब, निमुळती, हवा कापत जाणारी गोळी, नुसता वेग नाही. म्हणूनच नवीन काडतुसं बघा, २०२२ चं ७ एमएम पीआरसी, १७५ ग्रेनची लांबडी गोळी सेकंदाला ३००० फुटांच्या आसपास फेकायची आणि नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा) ८ इंचांत एक फेरा असे घट्ट, म्हणजे लांब गोळी डगमगत नाही. १९६२ च्या ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमचे आटे बहुतेक सव्वानऊ किंवा नऊ इंचांत एक फेरा, तिला जुन्या वजनाच्या गोळ्या छान चालतात पण सगळ्यात लांब गोळ्यांशी तिचं जमेलच असं नाही. काडतूस निवडताना आट्यांचा आकडा विचारा, दुकानदार वेगाचा आकडा सांगतो तो सोडून द्या.

आता धक्का. हा विषय निघाला की सगळे पुरुष एकदम शूर होतात. आठ पाउंडांच्या रायफलीत .२७० विनचेस्टरचा धक्का साधारण १७ फूट-पाउंड, .३०-०६ आणि ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमचा २० च्या आसपास, .३०० विनमॅगचा २५-२६, .३०० वेदरबी ३० च्या घरात आणि .३३८ विनमॅग त्याच्याही वर. कागदावर हे आकडे जवळजवळ दिसतात, खांद्यावर नाही. रेंजवर एक साधी परीक्षा असते, ज्याला आपल्याला धक्का लागत नाही असं वाटतं त्याच्या मॅगझिनमध्ये मित्राने न सांगता एक डमी काडतूस घालायचं. दोन बार नीट होतात, तिसऱ्याला चाप ओढला जातो, नुसतं टक् होतं, आणि गोळी नसतानाही नळीचं तोंड दोन बोटं खाली झुकतं, डोळे मिटलेले, खांदा पुढे आलेला. सगळ्यांसमोर. यात लाजण्यासारखं काही नाही, शरीर स्वतःला वाचवतं, पण अशा माणसाला चार इंच सपाट गोळी दिली काय आणि नाही दिली काय, तो नेमाच्या फूटभर खालीच मारणार. आणि मग म्हणणार काडतूस बेकार, नाचता येईना अंगण वाकडं. चढावर झोपून मारताना डोळा स्कोपच्या फार जवळ गेला तर भुवईवर अर्धचंद्र उमटतो तो वेगळाच, मॅग्नमवाल्यांच्या कपाळावर ही खूण बरीच दिसते.

यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावतात. धक्का खरंच कमी होतो पण आवाज मागे आणि बाजूला फेकला जातो, शेजारी उभ्या वाटाड्याच्या कानाचं काय होतं ते त्यालाच विचारा. कानाला मफ्स लावल्याशिवाय ब्रेकवाली रायफल वाजवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, शिकारीतसुद्धा.

गोळीच्या बांधणीबद्दल लेखात काहीच नाही ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटली. वेग वाढला की जवळच्या अंतरावर गोळीचे हाल होतात. जॉन नोस्लर १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (हरणाच्या कुळातलं प्रचंड जनावर) शिकारीला गेले होते, हातात .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, त्या काळातली वेगवान आणि सपाट. समोरचा मूस चिखलाने माखलेला होता, गोळ्या त्या वाळलेल्या चिखलावर आणि कातड्यावरच फुटून जात होत्या, आत खोल जातच नव्हत्या. त्यातून त्यांनी मधोमध तांब्याच्या आवरणाचीच भिंत असलेली गोळी बनवली, पुढचं शिसं पसरतं, भिंतीमागचं शिसं शाबूत राहून आत घुसतं. तीच पार्टिशन, १९४८ पासून विकली जातेय. म्हणजे मॅग्नमच्या वेगाने जो प्रश्न उभा केला त्याचं उत्तर गोळीने दिलं. आज जोडलेल्या गाभ्याच्या गोळ्या आहेत, अख्ख्या तांब्याच्या आहेत, पण स्वस्त पातळ गोळी घालून .३०० विनमॅगने ६० यार्डांवरच्या एल्कच्या खांद्यावर मारलीत तर तीच जुनी गोष्ट पुन्हा होऊ शकते. उलट तांब्याची गोळी पसरायला वेग लागतो, सेकंदाला दोन हजार फुटांच्या खाली गेली की तिच्यातल्या बऱ्याच जणी नीट उघडत नाहीत. इथे मात्र मॅग्नमचा खरा फायदा आहे हे मी मान्य करतो, आणि कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी, जिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालतच नाही, तिथे हा मुद्दा फारच महत्त्वाचा.

नळीची लांबी पण बघा. २४-२६ इंची नळीतले वेग डब्यावर छापतात आणि लोक २० इंची हलकी रायफल घेतात कारण डोंगर चढायचा असतो, मग वेग तर जातोच, वर तोंडाशी आगीचा लोळ आणि खांद्यावर जास्त धक्का. आणि नळी झिजण्याचं म्हणाल तर .२६४ विनमॅगची त्याबाबतीत जुनी बदनामी आहेच, बारीक भोकातून ढीगभर दारू जाळली की आट्यांची सुरुवात जळणारच. वर्षाला वीसेक बार करणाऱ्याने याची काळजी करू नये, रोज सराव करणाऱ्याने करावी.

मग घ्यायचं काय? ३०० यार्डांच्या आत हरीण मारणाऱ्याला मॅग्नम लागतच नाही, .२७० किंवा .३०-०६ बस. उघड्या माळावर, वाऱ्यात, हरणापासून एल्कपर्यंत सगळ्यासाठी एकच रायफल हवी तर माझं मत ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमला, १६० ग्रेनच्या चांगल्या बांधणीच्या गोळीसह, कारण धक्का .३०-०६ इतकाच आणि गोळी हवेतून जास्त चांगली जाते. मूस किंवा मोठं अस्वल असेल आणि धक्का खरोखर सोसत असेल, वर सांगितलेली डमीची परीक्षा देऊन, तर .३०० विनमॅग. त्याच्या वरचं हौसेसाठी, आणि हौसेला मोल नसतं.

अजून एक गोष्ट, काडतुसं मिळण्याची. प्रवासात सामान हरवलं तर ७ एमएम रेमिंग्टन किंवा .३०० विनमॅगचा डबा शिकारीच्या भागातल्या छोट्याशा दुकानातही मिळण्याची शक्यता असते, २८ नोस्लरसारखं कमी खपाचं काडतूस वापरणारा तिथे हात हलवत परत येतो. पण मिळालेला डबा तुमच्या नेहमीच्या गोळीचा नसेल तर ती तुमच्या झिरोला लागेलच असं नाही, वजन तेच असलं तरी. शिकारीला निघण्याआधी त्या डब्यातले तीन-चार बार कागदावर टाकून स्कोप पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

आपला,
एक नियमित वाचक