गाणं आजीचं, हक्क कोणाचा?

संपादक महोदय,

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीत दोन पोट्टे मोबाइल घेऊन आले. शेजारच्या गोंड आजीकडून त्यांनी तासभर गोंडी गाणी, झाडपाल्याची नावं अन् औषधं वदवून घेऊन रेकॉर्ड केली. शेवटी संमती म्हणून स्क्रीनवर बोट टेकवायला लावलं. मजकूर इंग्रजीत होता. आजीनं चहा पाजला तो वेगळाच!

2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथं फारसा कामाचा नाही. तो एकेका व्यक्तीची माहिती जपतो, दंडही 250 कोटींपर्यंत आहे. पण गाणी किंवा वनस्पतींचं ज्ञान एकट्या आजीचं नाही, अख्ख्या समाजाचं आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी एकीत मागता येते, अन् गोंडी त्या यादीतच नाही.

वनहक्क कायदा, 2006 मात्र जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्क मानतो. जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे तिथली झाडं-प्राणी अन् त्यांबद्दलचं ज्ञान टिपणाऱ्या वह्या, झाल्या. त्या कोणी उघडायच्या, याचा विचारही तिथं आहे. मोबाइलमधल्या आवाजाला तोच न्याय का नाही? ग्रामसभेचा किंवा वस्तीच्या बैठकीचा लेखी ठराव झाल्याशिवाय असं ध्वनिमुद्रण होऊ नये. राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्यांनी ठरावाचा साधा नमुना मराठीत अन् गोंडीत काढावा.

आजी परवा विचारत होती, 'माझं गाणं कुठं वाजते रे आता?'

– एक वाचक, नागपूर