बाबांचं पान

अनोका, मिनेसोटा
1 नोव्हेंबर

प्रिय सुमे,

सहा महिने पत्र नाही, चुकलंच माझं. आम्ही सगळे बरे आहोत.

शनिवारी इथली हॅलोवीनची मिरवणूक झाली. आरवला आपल्या शिमग्यातला संकासुर केला होता: काळा झगा, पांढरी दाढी, उंच टोपी आणि कमरेला बाबांचे घुंगरू. तोच पट्टा गं, घामानं काळा पडलेला. आत जाड कोट असल्यानं पुरेना, सुतळी जोडली. मेन स्ट्रीटवर तो नाचायला लागला आणि त्या आवाजानं मला रडूच फुटलं.

इथे 1920 पासून ही मिरवणूक निघते. त्याआधी पोरं त्या रात्री लोकांच्या गाई रस्त्यावर सोडायची, खिडक्यांना साबण फासायची. म्हणून मोठ्यांनीच त्यांना सोंगं देऊन वाजतगाजत फिरवलं. आपल्या शिमग्यातली लाकडं चोरणारी पोरंच ती! तुझ्या आजीचा पाट होळीत गेला तो बंड्यामुळे, शेवटचं सांगते.

हा सण मूळचा आयर्लंडकडचा, साउइन. सुगी संपून हिवाळा लागायच्या रात्री गेलेली माणसं घरी येतात असं मानायचे, त्यांच्यासाठी खायला काढून ठेवायचे. हे वाचलं आणि पोटात कालवलं.

वहिनी बाळंत झाली, घरात सोयेर. दादा म्हणाला, सर्वपित्रीला निदान तू तिथे पान ठेव. मी हो म्हटलं आणि कामाच्या गडबडीत विसरले. त्यानं विचारलं तेव्हा "ठेवलं" म्हणाले. सुमे, बाबांच्या नावानं खोटं बोलले मी. हॉस्टेलवर मीच तुला म्हटलं होतं ना, गेलेली माणसं जेवायला येत नाहीत म्हणून? चार दिवस बोलली नव्हतीस. तुझंच बरोबर होतं.

काल तू पाठवलेल्या काळ्या वाटाण्यांचं सांबार केलं, घावणे केले, भात लावला. रात्री पान मागच्या पायरीवर ठेवलं. सकाळी बघते तर भातावर बर्फाची पापुद्री. कावळे इथे आहेत, पण अजून एकही आला नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? माईंचा गुडघा कसा आहे?

दादाला अजून काही बोलले नाही. आधी तुला लिहितेय. मधूनमधून उठून पायरीकडे बघते.

तुझी,
शैला