सिव्हिलमधल्या समुपदेशक ताईंना, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पण नाशिकच्या सिव्हिलमध्ये त्या खोलीबाहेरच्या बाकावर जे कोणी बसले असतील, त्यांना ही ताई कोण ते लगेच कळेल. आभार मानायला उशीर झाला आहे. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण आमच्या भागात माझ्यासारखे अजून बरेच जण आहेत आणि त्यांच्यापर्यंत तुमचं काम पोहोचावं असं मला मनापासून वाटतं.

बागेवर गारा पडल्या तेव्हा घडांत साखर भरली होती आणि सौदाही ठरला होता. गारपिटीनंतर व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तडकलेले मणी दोन दिवसांत सडायला लागले आणि बागेत आंबूस वास सुटला. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, ‘आशा सोडू नका.’ ते मायेपोटीच म्हणायचे. पण आशा कुठून आणायची हे कोणी सांगत नव्हतं, आणि ती मनात नाही याचं वेगळं ओझं व्हायचं. झोप गेली होती, जेवण जात नव्हतं. मनात काय काय येत होतं ते तुम्हाला सांगितलं आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

तुम्ही मला आधी वरच्या मजल्यावरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलंत. ‘झोप लागल्याशिवाय आपण पुढचं काही बोलायचं नाही,’ असं ठणकावलंत. हे मी लोकांना आवर्जून सांगतो. गोळ्या लागत असतील तर त्या घ्यायच्याच. नुसता निश्चय करून तो आजार बरा होत नाही.

झोप सुधारल्यावर तुम्ही विचारलंत, ‘तुम्हाला काय हवंय?’ मी म्हटलं, कर्ज फिटावं आणि मालाला भाव मिळावा. तुम्ही ते लिहून घेतलंत आणि म्हणालात, ‘या दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण भाव तुमच्या हातात नाही. पुढच्या मंगळवारपर्यंत तुमच्या हातून काय होईल ते सांगा.’ मी बराच वेळ गप्प होतो. शेवटी म्हटलं, विहिरीकडच्या चार ओळींतले सडके घड काढून बांधाबाहेर पुरता येतील. त्यावर तुम्ही लगेच विचारलंत, ‘आणि मजूर नाही मिळाले तर?’ पेठ-सुरगाण्याकडची टोळी गारपिटीनंतर काम नाही म्हणून गावी परतली होती. मग मी आणि मंडळी दोघं मिळून दोनच ओळी करू, असं ठरलं. दोन झाल्या. पुढच्या वेळी आलो तेव्हा तुम्ही कौतुक केलं नाहीत, फक्त विचारलंत, ‘आता पुढे?’ तो प्रश्न मला कौतुकापेक्षा जास्त लागू पडला.

ही पद्धत सी. आर. स्नायडर नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीवर उभी आहे, हे तुम्हीच सांगितलंत. ते कॅन्सस विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये माणसातली आशा मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांच्या मते आशेला तीन गोष्टी लागतात. आपलं स्वतःचं ठरवलेलं ध्येय, तिथे जायच्या एकाहून जास्त वाटा, आणि त्या वाटेने मी चालू शकतो ही खात्री. तुमच्या कागदावरचे तीन रकाने ते हेच. दर वेळी तुम्ही मधल्या रकान्यावर अडून बसायचात. एक वाट लिहिली की ‘दुसरी सांगा.’ पंप बिघडला तर चुलतभावाचा ब्लोअर. बँकेच्या साहेबांनी परत पाठवलं तर कर्जाच्या पुनर्गठनाचा, म्हणजे हप्ते नव्याने बांधून घेण्याचा, अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. माझ्या मते सगळी ताकद त्या दुसऱ्या वाटेत आहे. एकच वाट असली आणि ती बंद झाली की माणूस तिथेच बसतो.

ध्येय इतकं लहान का, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा तुम्ही अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक यांचा १९८१ सालचा प्रयोग सांगितलात. गणितात कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली मुलं, आणि वजाबाकीची ४२ पानं. एका गटाला सांगितलं, दर बैठकीला सहा पानं करा. दुसऱ्याला सांगितलं, सात बैठकींत सगळी संपवा. तिसऱ्या गटाला ध्येयच दिलं नाही. सहा-सहा पानं करणारी मुलं गणितात पुढे गेलीच, शिवाय त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि त्यांना गणित आवडायला लागलं. घरी येऊन मी हे मुलीला सांगितलं. तिने दहावीच्या अभ्यासाचं वेळापत्रक त्याच रात्री फाडून नवं केलं.

ताई, आता तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी केली, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून जुन्या छाटल्या. ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, गारांचे मार होते, म्हणून सगळीकडे सारखी फूट येणार नाही हे दिसत होतं. तरी दर आठवड्याचं काम लिहीत गेलो. फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, सबकेनसाठी म्हणजे काडीला पोटकाडी फुटावी म्हणून शेंडे खुडणं, काडीवर ऊन पडेल अशी मोकळीक ठेवणं. द्राक्षाचं असं आहे की पुढच्या हंगामाचा घड या उन्हाळ्यातच ठरतो. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांच्या काळात काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, तो सूक्ष्म रूपात तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबरच्या छाटणीच्या, आधी मी काड्या तपासणीला नेल्या. प्रयोगशाळेतल्या मुलीने डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाली, ‘काका, बघा, घड आहे.’ मी पाहिला. ज्या उन्हाळ्यात मला पुढचं काही दिसत नव्हतं, त्याच उन्हाळ्यात तो डोळ्यात धरला होता. वेलीने तिचं काम केलं होतं आणि मी माझं. वीस-पंचवीस वर्षं बाग करतो आहे, पण तपासणीच्या टेबलापाशी डोळे भरून आले ते पहिल्यांदाच.

सगळं ठीक झालं असं नाही. या वेळी निर्यातीचा माल धरलाच नाही. गारांचा मार लागलेल्या वेलींवर तेवढा भार नको म्हणून स्थानिक बाजारासाठी माल काढला. आधी मला निर्यात सोडणं म्हणजे हरणं वाटलं असतं. तुमच्याकडे बसून एक कळलं, की वाट खरोखर बंद असेल तर ध्येयही बदलता येतं, आणि ते बदलण्यातही अक्कल आणि हिंमत लागते. कर्ज अजून आहे. पुनर्गठन झालं आहे आणि पहिला हप्ता वेळेत गेला.

दुसरं एक ध्येय तुम्ही हट्टाने लिहून घेतलं होतंत. ‘जिथे गार पडू शकत नाही असं काहीतरी सांगा.’ मी पखवाज म्हटलं. वडील गेल्यापासून तो खुंटीवर होता. शाई उडाली होती, वादी सैल झाली होती. नाशिकला पंचवटीत तो भरून घेतला. रोज संध्याकाळी हरिपाठाला बसायचं, एवढंच ठरलं होतं. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला गावची दिंडी त्र्यंबकेश्वरला निघाली, तेव्हा पखवाज माझ्या गळ्यात होता. पाय सुजले, पण चाललो. मंडळी शेजारच्या बाईला म्हणाली, ‘हे परत बोलायला लागले.’ ते मी ऐकलं.

ताई, तुम्ही सरकारी पगारावर काम करता, बाहेर रांग असते, खोलीत पंखा धड चालत नाही. तरी तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. याचं मोल मला करता येत नाही. मनापासून आभार.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला नाशिकपर्यंत येणं जमत नसेल, तर मनाच्या त्रासासाठी असलेली सरकारची टेलिमानस ही फोनवरची सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. फोन फुकट आहे.

आणि तुम्हाला एक विनंती. आमच्या बाजूचा कोणी बागायतदार तुमच्याकडे आला आणि त्याला शेतकऱ्याशीच बोलावंसं वाटलं, तर माझा नंबर तुमच्या वहीत आहे, तो बिनधास्त द्या. गोडी छाटणीचे दिवस असले तरी मी फोन उचलेन. तो म्हणाला तर त्याच्या बागेत येईन.

आपला,
निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार