दुबईहून पत्र : परीक्षा, बिलं आणि आजीची वही

ति. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

आधी एक खुलासा. फोनवर ‘परीक्षा पास झाले’ म्हटलं, तर आईने डिचोलीच्या बाजारात मला इंजिनिअर करून टाकलं म्हणे. तसं काही नाही गं. ॲमेझॉनची ‘एडब्ल्यूएस सर्टिफाइड एआय प्रॅक्टिशनर’ ही अगदी पहिल्या पायरीची परीक्षा आहे. त्यात कोडिंग नसतं. बीकॉमवालीलाही देता येते, म्हणून तर दिली.

का दिली, ते बाबांना कळेल. आमच्या सेक्शनला बिलं वाचणारं सॉफ्टवेअर आणणार, हे गेल्या वर्षी कानावर आलं. मी दिवसभर बिलांचे आकडेच तर टाईप करते! त्या रात्री मला आपला टिपर आठवला. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि तो अंगणात उभा राहिला. बँकेचे हप्ते मात्र चालूच. पावसात त्याच्या फाळक्यावर गवत उगवलेलं मी पाहिलंय. बाबा, तुम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मला निदान कुणकुण तरी लागली होती.

फी १०० डॉलर, म्हणजे ३६७ दिरहम. नापास झालं तर १४ दिवस थांबायचं आणि पुन्हा पूर्ण फी भरायची. म्हणून चार महिने रात्री जेवण झाल्यावर अभ्यास केला. ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १००० पैकी ७०० गुण हवेत. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना ३० मिनिटं जादा मिळतात, पण ती नोंदणी करण्याआधी मागून घ्यावी लागतात. मी मागितली. लाज कसली त्यात? बाबूला हे नक्की सांगा.

अभ्यासात एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरत नव्हती, ती आजीमुळे शिरली. हे एआय माहीत नसलेलंही ठामपणे सांगतं, आपल्या मामासारखं. त्यावर एक उपाय असा, की आधी आपल्याच कागदपत्रांतून नेमका मजकूर शोधून त्याच्यापुढे ठेवायचा आणि त्याच्या आधाराने उत्तर द्यायला लावायचं. त्याला ‘रॅग’ म्हणतात. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला काय काय बांधायचं, हे आजीला विचारलं तर ती तोंडाने सांगायला लागायची, पण मध्येच थांबून म्हणायची, “थांब, वही आण.” मग कांगलां, माट्टीची फळं, आंबाडे, सुपारीचा कातरा, सगळं त्या वहीतून वाचायची. रॅग म्हणजे तेच, वही आण म्हणणं. अर्थात वहीत चूक असेल तर उत्तरही चुकायचंच.

परीक्षा खोलीवरूनच दिली. सोबतच्या दोघींना दोन तासांसाठी मॉलमध्ये पाठवलं. टेबल मोकळं हवं, खोलीचे फोटो पाठवायचे, फोन हाताला लागणार नाही इतका लांब. सप्तकोटेश्वराची तसबीरही मीच उचलून कपाटात ठेवली, उगाच शंका नको. खरा त्रास झाला तो तोंड बंद ठेवण्याचा. प्रश्न पुटपुटत वाचायची माझी सवय, आणि कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायलाही बंदी! दुसऱ्या दिवशी निकाल आला, ७४२.

आता पगाराचं. वाढलेला नाही. प्रमाणपत्र दाखवून कोणी पैसे वाढवत नाही, आणि ते तीनच वर्षं चालतं. पण सॉफ्टवेअर आलं तेव्हा चौघांपैकी दोघांना दुसऱ्या सेक्शनला टाकलं आणि मला त्याने अडवलेली बिलं तपासायला बसवलं. पुसट शिक्का, हाताने खोडलेली रक्कम, दोनदा आलेलं एकच बिल, असली बिलं माझ्याकडे येतात. टायपिंगपेक्षा डोकं जास्त लागतं. प्रमाणपत्रामुळे निवडलं की सहा वर्षं ती बिलं हाताळतेय म्हणून, ते साहेबांनाच ठाऊक.

बाबूला ही परीक्षा द्यायची असेल तर फी मी भरीन. नसेल तर त्याच्या मागे लागू नका. सावंतवाडीच्या आत्यालाही पत्र वाचून दाखवा, म्हणजे तिथे तरी मी इंजिनिअर होणार नाही.

चतुर्थीला सुट्टी मंजूर झालीय. तोवर आजीच्या वहीच्या पानांचे फोटो बाबूला काढून पाठवायला सांगा. पानं आता तुकडे पडायला आलीत. आमच्या कामावरचं सॉफ्टवेअर मराठी वाचत नाही, त्यामुळे ती सगळी मीच टाईप करीन.

तुमची,
ताई