शर्यतीच्या आधीच, ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आभार बहुधा काम फत्ते झाल्यावर मानतात. माझी ५० किलोमीटरची डोंगरातली शर्यत अजून व्हायची आहे, ती पूर्ण होईल की नाही हे मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही माहीत नाही. तरीही हे पत्र आत्ताच लिहितोय. नंतर लिहिलं तर त्याला निकालाचा रंग चढेल. पदक मिळालं तर उगाच गहिवर येईल, अर्ध्यात बाहेर पडलो तर लिहायलाच हात धजणार नाही. तुम्ही जे दिलंत त्याचा निकालाशी फारसा संबंध नाही, म्हणून हीच वेळ बरी.

चारचौघांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखे पुष्कळ नवशिके सध्या तयारीला लागलेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला तुमच्यासारखं माणूस येतंच असं नाही. नाव घेत नाही. घेतलं असतं तर तुम्ही महिनाभर अबोला धरला असता.

मी नाव नोंदवल्याचं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. ‘जमेल रे’, ‘मनावर घेतलंस की झालं.’ तुम्ही विचारलंत, “कटऑफ किती?” म्हणजे शर्यत पूर्ण करायची मुदत. मग, “एकूण चढ किती?” मग, “अंधार पडेल तेव्हा कुठे असशील?” त्या संध्याकाळी आपण कागद-पेन घेऊन बसलो. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब तुम्ही मांडलात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. माझ्या शर्यतीत ५० किलोमीटर आणि २,४०० मीटर चढ. म्हणजे १० अधिक ४, चौदा तास. मुदत बारा तासांची. नुसतं न थांबता चालत राहिलो तरी दोन तास कमीच पडणार, हे तिथे पांढऱ्यावर काळं दिसलं.

मग ते दोन तास कुठून काढायचे? मला वाटलं होतं, चढ जोरात मारायचे. तुम्ही चढाच्या आकड्यांना हातसुद्धा लावला नाहीत. चढ सगळे चालतच करायचे, वेळ मिळवायचा तो सपाटीवर आणि सौम्य उतारावर, आणि वाचवायचा तो थांब्यांवर. वाटेत सहा ठिकाणी पाणी-खाण्याची सोय आहे. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं रेंगाळलं की तास संपला. हा हिशेब बघितल्यावर मी थांब्यावर करायच्या कामांचा क्रमच ठरवून टाकला: आधी बाटल्या भरायच्या, मग खिशात खाणं कोंबायचं, आणि चघळत बाहेर पडायचं. बसायचं नाही.

कटऑफ हा शब्द मला तोवर कोरडा वाटायचा. तुम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीचं सांगितलंत. १९२१ पासूनची, सुमारे ९० किलोमीटरची. बारा तास भरले की अंतिम रेषेकडे पाठ करून उभा असलेला माणूस बंदुकीचा बार काढतो, आणि त्यानंतर एका सेकंदाने पोचलेल्याचीही पूर्ण केल्याची नोंद होत नाही. दिवसभर पळून आलेला माणूस रेषेपासून चार पावलांवर थांबवला जातो. हे ऐकून मी जरा वेळ गप्पच होतो. तुम्ही म्हणालात, “म्हणून शेवटचा आकडा बघायचाच नाही. मधल्या थांब्यांची वेळ बघायची.” माझ्या वेळापत्रकात आता प्रत्येक थांब्यापुढे दोन वेळा आहेत, माझी आणि आयोजकांनी दिलेल्या मुदतीची, आणि मधल्या फरकावर माझं सगळं लक्ष असतं.

सरावाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्ही तो अगदी कंटाळवाणा ठेवलात. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं, दम लागला की चालायचं. जगातले उत्तम सहनशक्तीचे खेळाडूही आपल्या सरावाची साधारण ८० टक्के सत्रं हलक्या वेगाने करतात, हे स्टीफन सायलर या संशोधकाचं निरीक्षण तुम्ही ऐकवलंत, म्हणून मी ऐकलं. नाहीतर त्या वेगाची मला लाज वाटत होती. श्वास काही आठवड्यांत सुधारतो, पण कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि हाडं भार सोसायला तयार व्हायला महिने लागतात. नवशिक्याला दुखापत होते ती याच काळात, कारण दम पुरतो म्हणून तो अंतर वाढवत जातो आणि पाय मागे राहिलेले असतात. (मनगटावरचं घड्याळ याबाबतीत काहीच सांगत नाही. उलट ते रोज सकाळी मला कसले कसले गुण देतं आणि मी खूश होतो. तुम्ही घड्याळाकडे बघून जो चेहरा करता तो मी आता समजू शकतो.)

उताराचं मात्र सविस्तर लिहायला हवं. ते तुमच्याआधी मला कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे चढाची धास्ती घालतात. चढ फुप्फुसांना दमवतो, पण मांड्यांची वाट लागते ती उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखत असतो, आणि अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. म्हणून दुखणं त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. यातली चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लक्षात ठेवतात: एकदा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तसाच उतार पुन्हा आला तर इजा बरीच कमी होते. त्यामुळे शर्यतीच्या काही आठवडे आधी तुम्ही मला मुद्दाम लांब उतार दिलेत आणि अगदी शेवटच्या आठवड्यांत ते बंद केलेत.

पळायची तऱ्हाही तुम्हीच बदललीत. मी टाच रोवून, अंग मागे टाकून, ब्रेक लावत उतरायचो. तुम्ही माझ्या पुढे राहून दाखवलंत: पावलं लहान, झटपट, गुडघे किंचित वाकलेले, हात बाजूला मोकळे, नजर पायांवर न ठेवता तीन-चार पावलं पुढे. सुटे दगड असतील तिथे थांबायचं नाही, पाय हलका टाकून पुढे सरकायचं. तुमचं वय माझ्यापेक्षा किती जास्त आहे ते इथे लिहीत नाही, पण त्या उतारावर तुमच्या मागून येताना मला ते एकदाही जाणवलं नाही.

खाण्यापिण्याबद्दलचा तुमचा सल्ला इतर सगळ्यांच्या उलट होता. जो भेटेल तो ‘पाणी पी, भरपूर पी, तहान लागायची वाट बघू नकोस’ असंच सांगायचा. तुम्ही म्हणालात, तहान लागेल तेव्हा पी. मी वाद घातला तेव्हा बोस्टनची गोष्ट सांगितलीत: २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम हवं त्यापेक्षा खाली उतरलेलं होतं, आणि ज्यांचं वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढलं त्यांच्यात ते जास्त दिसलं. म्हणजे त्यांनी गरजेपेक्षा जास्त पाणी घेतलं होतं, आणि त्याने रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखी वाटतात आणि माणूस आणखी पाणी पितो. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून हवं तेवढं पाणी प्यायची मुभा मिळत नाही, हेही तुम्ही बजावलंत. अंगदुखीची गोळी खाऊन पळायचं नाही, कारण अशा दिवशी मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, हे त्याच दमात.

खाण्याचं मात्र उलटं. भूक लागायची वाट बघायची नाही. शरीरात साठवलेली साखर साधारण २,००० किलोकॅलरींची, ती काही तासांत संपते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन्ही साखरा एकत्र असतील आणि आतड्यांना सवय असेल तर ९० पर्यंत. ‘आतड्यांना सवय’ या शब्दांवर मी हसलो होतो. पण पळता पळता खाणं हा खरोखरच वेगळा सराव आहे. सुरुवातीला पोट ढवळायचं, आता ते निमूट घेतं. शर्यतीच्या दिवशी नवं काही तोंडात घालायचं नाही, हे तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

बुटांचं थोडक्यात: संध्याकाळी घ्यायचे, कारण तोवर पाय सुजलेले असतात, अंगठ्यापुढे बोटभर जागा, सुती मोजे नाहीत, आणि कुठे चुरचुरलं की त्याच क्षणी थांबून टेप लावायची, पुढच्या थांब्याची वाट न बघता. शर्यतीतला तेवढाच एक थांबा तुम्हाला मान्य आहे.

सॅकच्या तपासणीला तुम्ही आलात तेव्हा मी वजन कमी केल्याच्या आनंदात होतो. जलरोधक जाकीट बाहेर काढून ठेवलेलं होतं. आयोजकांच्या यादीत ते ‘सुचवलेलं’ होतं, ‘सक्तीचं’ नव्हतं. तुम्ही ओरडला नाहीत. खाली बसलात आणि २२ मे २०२१ ला चीनमधल्या गान्सू प्रांतात काय झालं ते सांगितलंत. १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत, सकाळी मंडळी हलक्या कपड्यांत निघाली, दुपारी उंचावर वादळी वारा, गारा आणि बर्फासारखा गार पाऊस. २१ धावपटू गेले. त्यांत देशातले नावाजलेले धावपटूही होते. वारा अडवणारं जाकीट तिथेही सक्तीच्या यादीत नव्हतं. जोरात पळणारा माणूस स्वतःच्या उष्णतेवर गरम राहतो, पण दमून वेग उतरला आणि कपडे भिजलेले असले की ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की विचारही धड चालत नाहीत. उंचीमागे तापमान उतरतं ते वेगळंच, दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश. जाकीट आता सॅकमध्ये सगळ्यात वर आहे, खाली नाही, कारण गरज पडेल तेव्हा बोटं बधिर झालेली असतील. चांदीसारखं चकाकणारं आपत्कालीन पांघरूण, डोक्यावरची बॅटरी, तिचे जादा सेल, आणि शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तरादाखल मिनिटाला तीन येतात. हे मी घरात वाजवून पाहिलं, शेजाऱ्यांची क्षमा मागतो.

आणि मग तो दिवस. सरावाला दोघंच होतो. हवा स्वच्छ, पाय उत्तम, माथा समोर दिसत होता, फार तर वीस मिनिटांवर. निघतानाच तुम्ही परत फिरायची वेळ ठरवलेली होती. ती वेळ झाली आणि तुम्ही वळलात. मी म्हटलं, ताई, वीस मिनिटं! तुम्ही म्हणालात, “हो, दिसतंय मला.” आणि उतरायला लागलात. मी वाटभर धुसफुसत होतो. घरी पोचल्यावर मी विचारलं तेव्हा कारण कळलं: मागे फिरायची पहिली वेळ वादळात यावी हे तुम्हाला नको होतं. सगळं ठीक असताना, काहीही बिघडलेलं नसताना मागे फिरण्याची चव कशी असते ते मला एकदा घ्यायला लावायची होती. ती चव कडू होती, हे कबूल. पण आता शर्यतीत तशी वेळ आली तर ती अनोळखी नसेल. तुम्ही मला दिलेल्या सगळ्या गोष्टींत मी ही सर्वांत वर ठेवतो, आकडेमोडीपेक्षाही.

एका बाबतीत मात्र अजून पटत नाही. काठ्या. तुम्हाला त्यांचा तिटकारा आहे, हात अडकतात, लोकांच्या पायात येतात, सगळं मान्य. पण लांब चढावर पायांचा थोडा भार हात उचलतात, आणि थकलेल्या उतारावर मला त्यांचा आधार वाटतो. मी काठ्या घेऊन जाणार आहे. गर्दी असेल तिथे घडी करून सॅकला अडकवीन, एवढं वचन देतो.

तुम्ही या सगळ्यासाठी किती पहाटे, किती रविवार दिलेत याचा हिशेब तुम्ही ठेवला नसेल, मी ठेवायचं धाडस करत नाही. तुमच्या स्वतःच्या सरावाचा वेग माझ्यामुळे खाली आला होता, हे मला दिसत होतं आणि तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

वेळापत्रकाची प्रत सोबत पाठवतोय. मार्ग, थांबे, दोन्ही वेळा, माझा क्रमांक, आयोजकांच्या मदतकक्षाचा फोन, सगळं त्यात आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे शेवटच्या ओळीत एक वेळ ठळक लिहिली आहे. तोवर माझा फोन आला नाही तर आधी मदतकक्षाला विचारा, घरच्यांना त्यानंतर कळवा. आणि मी अर्ध्यात बाहेर पडलो तर तो फोन सर्वांत आधी तुम्हालाच येईल, कुठल्या थांब्यावर आणि का, ते सांगायला.

तुमचा,
एक नवशिका