पान रुजतं, झाड होत नाही

संपादक महोदय,

'फिडल लीफ फिग' या मोठ्या पानांच्या शोभेच्या झाडाचं एक पान ग्लासभर पाण्यात ठेवा, की नवं झाड तयार, असं सर्रास सांगितलं जातं. देठाला मुळं फुटतात हे खरं, पण पुढे गाडं अडतं. देठासोबत खोडाचं पेर, म्हणजे पान जिथे फुटतं तो सांधा, आणि त्यावरचा डोळा नसेल, तर कोंब येणार कुठून? असं पान महिनोन्महिने हिरवंगार राहतं आणि माणसाला आशेवर ठेवतं, एवढंच.

मी गुटी कलमाच्या, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणण्याच्या बाजूची. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर, पेराच्या जरा खाली, दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोलाकार काढायची. आतला हिरवट, बुळबुळीत थर सुरीने नीट खरवडायचा; तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळांची वाट बघणं व्यर्थ. मग भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ (पाणी धरून ठेवणारं मऊ शेवाळ) गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधायचं. पारदर्शकच घ्या, मुळं बाहेरून दिसतात. फांदी मूळ झाडावरच असल्याने पानं सुकत नाहीत. मुळं भरपूर झाली की त्यांच्या खालून कापायचं. पांढरा चीक कातडीला झोंबतो, तेव्हा हातमोजे हवेतच. पानं खाल्ली तर मांजरालाही त्रास होतो; घरात मांजर असेल, तर पडलेली पानं लगेच उचला.

– आपली एक वाचक