गोदामातील रोबोंचे वायफाय तुटते, त्याची तक्रार

प्रति,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : रोबोंचे वायरलेस नेटवर्क वारंवार तुटत असल्याबाबत (तिसरे पत्र)

महोदय,

आमच्या भिवंडीच्या गोदामात तुमचे बारा रोबो मे महिन्यापासून माल वाहत आहेत. त्यांच्या चाकांबद्दल, बॅटरीबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायफायबद्दल. तेही तुमच्याच कंपनीने बसवले आहे आणि त्याचे बिलही वेगळे घेतले आहे.

सातव्या गल्लीच्या टोकाला रोबो पहिल्या ॲक्सेस पॉइंटची (वायफायचा सिग्नल देणाऱ्या डब्याची) साथ सोडून दुसऱ्याकडे जातो, तिथे संपर्क तुटतो. वळणावर आधी कोणी जायचे हे रोबो एकमेकांना कळवून ठरवतात. निरोप आला नाही की सुरक्षेसाठी जागीच उभे राहायचे, हा तुमचाच नियम आहे आणि तो योग्यही आहे. पण एक थांबला की मागे चार अडकतात. आमची पोरे म्हणतात, "रोबो रुसला." गेल्या चौदा दिवसांत असे ६१ वेळा झाले. वेळेसकट नोंदवही सोबत जोडली आहे.

तुमचे इंजिनिअर आले, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली आणि "ऐंशी एमबीपीएस मिळतंय की!" म्हणून निघून गेले. आम्हाला रोबोंना सिनेमा दाखवायचा नाही. त्यांचे निरोप दोन-चार ओळींचे असतात, ते वेळेवर पोचले म्हणजे झाले.

मूळ चूक आमच्या मते सिग्नल कुठे किती पोचतो हे पाहणाऱ्या सर्व्हेची आहे. तो एप्रिलमध्ये झाला, तेव्हा रॅक रिकामे होते. आज त्याच रॅकवर छतापर्यंत तेलाचे पत्र्याचे डबे आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके आहेत. पत्र्यावरून लहरी परततात, पाणी त्या शोषून घेते. हे आम्हा माल भरणाऱ्यांना आता कळले. तुम्हाला आधीपासून ठाऊक असायला हवे होते. "माल कमी उंच रचा" हा तुमचा सल्ला वाचून मात्र हसावे की रडावे कळेना.

शिवाय सगळी यंत्रणा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. आजूबाजूच्या गोदामांनी तिन्ही भरून टाकले आहेत. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला केला. तुमच्या रोबोंत तो चालतो, असे तुमच्याच माहितीपत्रकात छापले आहे. मग तो बंद का ठेवला?

फोन केला की नेटवर्कवाले म्हणतात, ॲक्सेस पॉइंट कधी बदलायचा हे रोबोतले वायफाय कार्ड ठरवते, त्यामुळे दोष रोबोचा. रोबोवाले म्हणतात, दोष नेटवर्कचा. दोन्ही विभाग एकाच इमारतीत बसतात ना?

भरलेल्या रॅकमध्ये पुन्हा सर्व्हे करा, गल्लीच्या दिशेने अँटेना लावा, रोबो ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि जलद रोमिंगची (एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची) सोय रोबो आणि नेटवर्क दोन्हीकडे सुरू करून द्या. हे सगळे पंधरा दिवसांत, आमच्याकडून जादा पैसे न घेता व्हावे. तोवर एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) दुसरा हप्ता दिला जाणार नाही.

इंजिनिअरना सकाळी आठ ते अकरा या वेळेत, गाड्या लागलेल्या असताना पाठवावे. मागच्या वेळी ते जेवणाच्या सुट्टीत आले होते. तेव्हा रोबो रुसत नाहीत.

कळावे,

आपला,
गोदाम व्यवस्थापक, भिवंडी